ठाण्याची हाडं, चीनचं बंदर

ठाण्यात वर्तकनगरातून मासुंदा तलावाकडे आपण सहज जातो. याच ठाण्यात 1321 साली तोलेन्तिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती मारले गेले. चौघेही ख्रिस्ती धर्मप्रसारक. जॉर्डन नावाच्या साधूनं त्यांना सोपाऱ्याला पुरलं. पुढे ओडोरिक हा इटालियन साधू त्यांची हाडं घेऊन चीनला निघाला. तो सांगतो, वाटेत मुक्कामाच्या घराला आग लागली. तीन कोपरे जळाले, हाडं घेऊन तो थांबला होता तो चौथा वाचला. समुद्रात वारा पडला, तेव्हा एक हाड गुपचूप पाण्यात सोडलं आणि गलबत चालू लागलं. ही श्रद्धेची कथा आहे, पण ठाण्याच्या इतिहासात तिला जागा हवीच. ती हाडं अखेर चीनच्या झैतून बंदरात, आजच्या च्वानचौत, ठेवली गेली.