आधी वाचा, मग सही करा

बंगळूरच्या दक्षिणेस आनेकल तालुका आहे. हा नाचणीच्या शेतांचा मुलूख. पण बोम्मसंद्र, जिगणी येथे कारखाने उभे राहिले, जमिनीची किंमत वाढली आणि शेतकऱ्याच्या ओटीवर दलाल येऊन बसू लागला. सतराव्या शतकात बंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. तेव्हापासून या बाजूस मराठी घरे नांदत आहेत. घरात बोली मराठी, जमिनीचा कागद मात्र कन्नड. म्हणून तो पेटीत जपला जातो, वाचला जात नाही. सरकारी नोकरीत असे कागद मी पुष्कळ पाहिले. सही करून झाल्यावर त्यांचा अर्थ विचारावयास आलेली माणसेही पाहिली.

माझी सूचना साधी आहे. मुले शाळेत कन्नड शिकतात. एखाद्या रविवारी त्यांना शेजारी बसवून 'पहाणी' मोठ्याने वाचावयास सांगा. पहाणी म्हणजे तिकडचा सातबारा. सर्व्हे नंबर कोणता, क्षेत्र किती, खातेदार कोण, बोजा आहे काय, हे विचारा. आजोबा वारले तरी त्यांचेच नाव असेल, तर फेरफार राहिला आहे असे समजा. 'भूमी' योजनेमुळे हे उतारे आता संगणकावर मिळतात.

वाचावयास मुलीलाही बसवा. २००५ च्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित जमिनीत तिचा वाटा मुलाइतकाच आहे.

जमीन विकावी की राखावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण कागदाचा पहिला वाचक आपल्याच घरातला असावा. मुलांना शाळेत घातल्याचे त्या दिवशी सार्थक होईल.