दोन हजार गुणांचं सैन्य
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बुद्धिबळात दोन्ही बाजूंचं सैन्य अगदी सारखं असतं. शिकवणारे आपल्याला सोंगट्यांची किंमतही सांगतात. प्यादं एक गुण, घोडा आणि उंट प्रत्येकी तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. राजा अमोल. बेरीज केली तर राजा सोडून एका बाजूचे ३९ गुण होतात. आता समजा, कुणी नियम बदलला आणि म्हणालं, राजा घ्या आणि उरलेल्या ३९ गुणांत तुम्हाला हवं ते सैन्य घेऊन या. कुणी चार वजीर आणि तीन प्यादी आणील. कुणी तेरा घोडे घेऊन येईल. कुणी हौशी माणूस एकोणचाळीस प्यादी आणायला निघेल, पण ती मांडायला त्याच्या अर्ध्या पटावर घरंच पुरणार नाहीत. डाव मांडण्याआधी, घरी कागद-पेन्सिल घेऊन बसल्या बसल्याच निम्मी लढाई झालेली असेल.

असा एक खेळ खरोखरच आहे. त्याचं नाव वॉरहॅमर ४०,०००. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीनं तो १९८७ साली बाजारात आणला. त्याचे मूळ लेखक रिक प्रीस्टली. काळ आजपासून अडतीस हजार वर्षांनंतरचा, आणि सगळ्या विश्वात युद्ध पेटलेलं. इंच-दीड इंच उंचीचे प्लॅस्टिकचे सैनिक सुटे भाग म्हणून विकत मिळतात. ते कापून काढायचे, चिकटवायचे, बारीक ब्रशनं रंगवायचे आणि टेबलावर पडक्या इमारतींच्या प्रतिकृती मांडून त्यांच्यात लढवायचे. हातात मोजपट्टी आणि मूठभर फासे. स्पर्धेत बहुधा प्रत्येकाला २,००० गुणांचं सैन्य आणायची मुभा असते. प्रत्येक तुकडीची, प्रत्येक रणगाड्याची किंमत छापील यादीत दिलेली असते. या किमतींची बेरीज जुळवून आणलेल्या कागदाला खेळाडू नुसतं ‘लिस्ट’ म्हणतात. आज मला बोलायचं आहे ते या लिस्टविषयी.

बाजारात भाव एकच असतो, पण वस्तूची गरज माणसागणिक बदलते. छत्रीची किंमत उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तुम्हाला वेगवेगळी वाटते, तसंच इथे आहे. छापील किंमत एकच, पण शस्त्राचं मोल समोर कोण उभं आहे त्यावर ठरतं. एक हिशेब सांगतो. जरा धीर धरा, आकडे सोपे आहेत.

लँड रेडर नावाचा एक अवजड रणगाडा आहे. २०२३ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत त्याची कणखरता १२ आहे, आणि त्याला मोडायला १६ घाव लागतात. माझ्याकडे साधा शिपाई, त्याच्या हातात साधी लेझर बंदूक. त्याचा नेम लागायला फाशावर चार किंवा वर पडायला हवेत. म्हणजे दोनात एकदा. बंदुकीची ताकद तीन, रणगाड्याच्या कणखरतेच्या निम्म्याहूनही कमी, म्हणून घाव बसायला नेमका सहाच पडला पाहिजे. मग रणगाड्याचा मालक आपल्या चिलखतासाठी फासा टाकतो. एक पडला तरच चिलखत फुटतं. दोन गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे बहात्तर गोळ्यांमागे सरासरी एक घाव. सोळा घावांसाठी १,१५२ गोळ्या! तेवढ्या वेळात चहाच काय, जेवणही होईल.

आता त्याच रणगाड्यावर लासकॅनन नावाची तोफ लावा. एका जागी उभा राहून मारणारा कसलेला तोफची तीन किंवा वर पडले की नेम साधतो. घाव दोनात एकदा बसतो. चिलखत या तोफेपुढे तीनात एकदाच टिकतं. आणि एक गोळा आत शिरला की सरासरी साडेचार घावांचं नुकसान. सगळं गुणलं की एका गोळ्यामागे बरोबर एक घाव येतो, म्हणजे सोळा गोळे. बहात्तर पटींचा फरक! मग सगळे तोफाच का घेत नाहीत? कारण समोरच्यानं शंभर ऑर्क आणले, की तीच तोफ एका गोळ्यात जास्तीत जास्त एक ऑर्क मारते. साडेचार घावांतले साडेतीन हवेत जातात. उंदीर मारायला आपण महागडी तोफ आणली, असं होतं.

इथून स्पर्धेतल्या लिस्टची पहिली युक्ती निघते. सैन्य मुद्दाम एकांगी करायचं. सगळे रणगाडेच आणायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानं पायदळासाठी आणलेली शस्त्रं हातात असून नसल्यासारखी. किंवा नुसती झुंबड आणायची, म्हणजे त्याच्या तोफा वाया. त्याचे दोन हजार गुण कागदावर राहतात, टेबलावर हजारच लढतात. याला उतारा म्हणजे चौफेर लिस्ट, थोडं याच्यासाठी, थोडं त्याच्यासाठी. ती कुणापुढेच पूर्ण उघडी पडत नाही, पण कुणावर तुटूनही पडत नाही. मला विचाराल तर एकांगी लिस्ट दिसते तेवढी सोपी नसते. पाच-सहा फेऱ्यांच्या स्पर्धेत एकदा तरी तिचं औषध बाळगणारा खेळाडू समोर येतोच, आणि त्या फेरीसाठी काय राखून ठेवायचं, हा खरा प्रश्न असतो.

पण नव्या माणसाची समजूत असते की जास्त मारेल तो जिंकेल. तसं नाही. त्याच दहाव्या आवृत्तीच्या गुणपत्रिकेत शंभरांपैकी पन्नास गुण टेबलावरच्या ठरावीक जागा ताब्यात ठेवल्याबद्दल, चाळीस नेमून दिलेली कामं पार पाडल्याबद्दल. लँड रेडरचा जागेवरचा हक्क पाच धरतात, साध्या ऑर्कचा दोन. म्हणजे दहा ऑर्क वीस झाले. तो बलाढ्य रणगाडा शेजारी गुरगुरत उभा असला तरी जागा ऑर्कांचीच! माझं सैन्य ऑर्कांचं असल्यामुळे हा नियम मला विशेष प्रिय आहे, हे उघड आहे. म्हणून जाणते खेळाडू लिस्ट करताना आधी स्वस्त, बिनमहत्त्वाच्या तुकड्या लिहितात. एक मागच्या कोपऱ्यात बसून राहायला, एक पुढे जाऊन मरायला, एक शेवटच्या फेरीत मोकळ्या जागी पळायला. मग उरलेल्या गुणांत तोफा. नवखा माणूस नेमकं उलट करतो.

आता किमती ठरवणारे आणि त्यांतल्या फटी शोधणारे यांच्यातला खेळ. हा टेबलावरच्या खेळाइतकाच रंगतदार आहे. १९९८च्या तिसऱ्या आवृत्तीत सैन्याचा एक साचाच दिला होता. एक सेनापती आणि साध्या शिपायांच्या दोन तुकड्या सक्तीच्या, अवजड शस्त्रांच्या तीनच तुकड्या. आपल्या महाभारतात पत्ती सांगितली आहे ना, एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ, आणि तेच प्रमाण थेट अक्षौहिणीपर्यंत? साधारण तसाच विचार. पण लोकांनी काय केलं, तर सक्तीच्या दोन तुकड्या शक्य तितक्या छोट्या आणि स्वस्त घेतल्या, कर भरावा तशा, आणि वाचलेले गुण तोफांवर खर्च केले. पुढे २०१५ साली स्पेस मरीन या सैन्याच्या पुस्तकात एक अशी रचना आली, की ठरलेल्या सगळ्या तुकड्या घेतल्या तर त्यांची वाहनं फुकट. दोन हजारांच्या सैन्यात शेकडो गुण फुकटचे! मग लढाई दोन हजार विरुद्ध दोन हजार कुठे राहिली? २०१७च्या आठव्या आवृत्तीनं ती रचना मोडली. तर लोक एकच उत्तम तुकडी पुन्हा पुन्हा घेऊन येऊ लागले. २०१८ साली स्पर्धांसाठी बंधन आलं, की दोन हजार गुणांत एकच तुकडी तीनपेक्षा जास्त वेळा नको, साधे शिपाई वगैरे अपवाद. अलीकडे कंपनी वर्षातून अनेकदा किमती बदलते. कुठल्याही सैन्याचं विजयाचं प्रमाण ४५ ते ५५ टक्क्यांत राहावं, असं तिचं जाहीर उद्दिष्ट आहे.

वाचायला हे छान वाटतं. पण यात एक दुखरी जागा आहे. किंमत कागदावर बदलते एका संध्याकाळी. सैन्य रंगवायला जातात महिने. एखाद्यानं रात्री जागून तीन सारखे रणगाडे रंगवले, त्यांच्या साखळ्यांवर चिखलाचे शिंतोडे काढले, आणि पुढच्या यादीत ते महाग झाले. लिस्टमधून एक गेला, मग दुसरा. कपाटात ठेवायची पाळी. आणि ही खेळणी स्वस्त नाहीत, विशेषतः आपल्याकडे मागवायची तर. म्हणून स्पर्धेतल्या यशस्वी लिस्टची हुबेहूब नक्कल करायला निघालेल्या तरुणांना मी थांबवतो. ती लिस्ट ज्या महिन्यात जिंकली, त्या महिन्यातल्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध जिंकली. तुम्ही सैनिक विकत घेऊन रंगवेपर्यंत बाजार उठलेला असतो. आवडतं सैन्य निवडा आणि किमतींच्या दोन-चार लाटा त्यावर झेला.

दुसरा वाद नेहमीचा. हौशी खेळाडू म्हणतात, घासूनपुसून केलेल्या लिस्टनं खेळाची मजा जाते. खरं आहे, गणित करून आणलेलं सैन्य आणि आवडीनं गोळा केलेलं सैन्य समोरासमोर आलं, तर तीन तासांचा डाव दुसऱ्याच फेरीत संपतो आणि एक मित्र हिरमुसून घरी जातो. पण दोष लिस्टचा नाही, आधी न बोलण्याचा आहे. स्पर्धेत तरी सगळं उघड असतं. तिथे कडक लिस्ट आणणं हा मला प्रतिस्पर्ध्याचा मानच वाटतो. जागतिक सांघिक स्पर्धेत तर आठ-आठ जणांचे संघ असतात आणि प्रत्येक डावाचे वीस गुण दोघांत वाटले जातात. तिथे काही लिस्ट जिंकायला केलेल्याच नसतात. समोर कितीही वाईट जोडी आली तरी आठ-नऊ गुण घेऊन परतायचं, एवढंच त्यांचं काम. संघातल्या अशा भिंतीचं कौतुक बाहेरच्यांना कळत नाही.

आणि त्या शंभर गुणांतले उरलेले दहा? ते सैन्य रंगवलेलं असल्याबद्दल. फासे टाकायच्या आधीच मिळतात.

डावापूर्वी दोघं आपापल्या लिस्ट एकमेकांना देतात. यात लपवाछपवी नसते. ही तुकडी किती पळते, ही कुठून उगवू शकते, विचारलं की खरं सांगायचं, असा शिरस्ता आहे. दहा मिनिटं दोघं एकमेकांचे कागद वाचत असतात. कुणी मान हलवतो, कुणी हसतो, कुणी आपल्या तोफांकडे बघून सुस्कारा सोडतो. मग सैनिक मांडले जातात आणि पहिली चाल कुणाची, ते फाशावर ठरतं.