रोपाचे खत : शेंड्यासाठी की मुळासाठी?

आषाढात बांधावर सागाचे रोप लावले, मूठभर युरिया टाकला आणि दसऱ्यापर्यंत रोप फोफावले, की घरधनी खूष होतो. पण असली तरारलेली रोपेसुद्धा वैशाखात माना टाकतात. असे का व्हावे?

पाने अन्न तयार करतात; त्याची वाटणी शेंडा आणि मूळ यांच्यात होते. जमिनीत नत्र कमी असला, तर रोप मुळांना जास्त वाटा देते. नत्र मुबलक मिळाला, की तो वाटा पानाफांद्यांकडे वळतो. मूळ वाढतेच, पण शेंड्याच्या मानाने मागे पडते. शंभर किलो युरियात 46 किलो नत्र असतो, तेव्हा मूठ जपूनच उघडावी! पाने जास्त, तर पाणीही जास्त उडणार. आणि सिन्नर-येवल्याकडच्या मुरमाड रानात ते पाणी खोलवरच्या मुळांनीच आणायचे.

यातले मर्म वनखात्याच्या जुन्या रीतीत दिसते. रोपवाटिकेत वाढलेले सागाचे रोप उपटतात, वरचा शेंडा छाटून जेमतेम बोटाच्या पेराएवढा ठेवतात, खाली वीतभर मूळ राखतात. यालाच स्टंप म्हणतात. पहाणाऱ्याला वाटावे, ही तर नुसती काटकी! पण पाणी उडवायला पान नाही आणि मुळात अन्नाचा साठा आहे. पावसाबरोबर तिला कोंब फुटतो.

मग खत घालूच नये काय? घालावे, पण रोपाने जीव धरल्यावर, थोडेथोडे. आणि आधी भोवतालचे गवत काढावे, नाहीतर युरिया गवतच खाऊन टाकते. स्फुरदाची गोष्ट निराळी. तो जमिनीत फारसा हलत नाही; वरून फेकलेले सुपर फॉस्फेट वरच राहते. जिथे स्फुरदाची उणीव असेल, तिथे ते खड्डा भरतानाच कुजलेल्या शेणखताबरोबर मातीत मिसळावे. चुनखडीच्या जमिनीत तर हे जरूर करावे.

शिक्षकबंधूंनी शाळेत हा प्रयोग करावा. एकाच मातीच्या दहा पिशव्यांत निंबाची रोपे वाढवावीत. पाचांना दर पंधरवड्याला चिमटीभर युरिया पाण्यात विरघळवून द्यावा, पाचांना नुसते पाणी. तीन महिन्यांनी रोपे काढून, मुळे धुऊन, शेंडे नि मुळे निरनिराळी वाळवून तोलावीत. धुताना खाली चाळणी मात्र धरावी. बारीक मुळे पाण्याबरोबर वाहून जातात.