रक्षक पेशींचा हृदयावर घाला

रोगजंतूंचा शरीरांत प्रवेश होतांच रक्तांतील श्वेतपेशी त्यांच्यावर तुटून पडतात. परंतु हें संरक्षक सैन्य कधीं कधीं स्वतःच्याच तटावर चाल करून जातें. टोकियोचे बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी यांनीं १९६१ सालीं असा पहिला रोगी पाहिला आणि १९६७ सालीं ५० मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. हा रोग त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. त्याचें मूळ कारण अद्याप निश्चित झालेलें नाहीं.

रोगी बहुधा ५ वर्षांखालील असतो. न हटणारा ताप, चिपडांवांचून लाल झालेले डोळे, फुटलेले ओठ, लालभडक जीभ, अंगावर पुरळ, हातापायांस सूज, हीं त्याचीं लक्षणें.

हा ताप औषधावांचूनही कांहीं आठवड्यांत उतरतो. फसगत होते ती येथेंच. कारण तोंवर श्वेतपेशी हृदयास रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या भिंतींत घुसून तेथील लवचिक तंतू तोडीत असतात. मग सायकलीची जीर्ण ट्यूब फुगावी तशी धमनी फुगते. त्या फुगवट्यांत रक्ताची गुठळी झाली, तर लहानग्यासही हृदयविकाराचा झटका येऊं शकतो.

उपचार न झाल्यास ४ मुलांपैकीं सुमारें एकाच्या धमन्यांस हा विकार जडतो. निरोगी रक्तदात्यांच्या रक्तांतून काढलेलें गॅमा ग्लोब्युलिन तापाच्या पहिल्या १० दिवसांत शिरेंतून दिलें, तर हें प्रमाण शेंकडा सुमारें ५ वर येतें.

म्हणून ताप ५ दिवस टिकला आणि हीं चिन्हें दिसलीं, तर आईबापांनीं तो उतरण्याची वाट न पाहतां मुलास डॉक्टरांकडे न्यावें.