प्रवासांतलें कुलूप

अमरावतीचें कुटुंब दूरच्या प्रवासाला निघालें कीं त्याची पहिली धांव पुष्कळदां बडनेऱ्याच्या स्टेशनाकडे असते. १६ एप्रिल २०२५ पासून बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईचें विमानहि सुटूं लागलें. वाहन कोणतेंहि असो, उंबऱ्यावर एक प्रश्न हटकून विचारला जातो: "कुलूप लावलें ना?" प्रश्न योग्य आहे, पण अपुरा आहे.

जुन्या पत्र्याच्या ट्रंकेचें कुलूप कडी-कोयंड्यांत बसे. तें मोडल्यावाचून झांकण उघडत नसे. आजच्या बॅगेच्या चेनीचे दांते मात्र बॉलपेनाच्या टोकानेंहि विलग होतात. आंतला ऐवज काढून कुलपासकट चेनीचीं टोकें एकदां मागें-पुढें ओढलीं, कीं दांते पूर्ववत् जुळतात. कुलूप शाबूत आणि दागिना नाहींसा! यास्तव चेनीचीं दोन्हीं टोकें बॅगेच्या मुठीशीं किंवा पक्क्या कडीशीं कुलपानें जखडावींत, म्हणजे तीं सरकत नाहींत आणि उघडल्याची खूण राहते.

मुलांकडे अमेरिकेस जाणाऱ्या आईबापांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तेथील तपासनीसांना बॅग उघडण्याचा अधिकार आहे. साधें कुलूप ते प्रसंगीं तोडतात. म्हणून त्यांच्याजवळील किल्लीनें उघडणारीं विशिष्ट कुलुपें २००३ पासून निघालीं. परंतु २०१४ सालीं त्या किल्ल्यांचें छायाचित्र एका वृत्तपत्रांत छापलें गेलें, आणि २०१५ मध्यें त्यांच्या नकला करण्याचे आराखडे सर्वत्र पसरले. तेव्हां अशा कुलपानें बॅग तोडफोडीपासून वांचते; आंतल्या सोन्याची हमी मिळत नाहीं.

मग हमी कशाची? पहिली, पावतीची. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १०० व्या कलमानुसार, रेल्वेच्या नोकरानें नोंदवून पावती दिलेल्या सामानाचीच जबाबदारी रेल्वेवर येते. प्रवाशानें स्वतःजवळ ठेवलेली बॅग गेल्यास रेल्वेचा हलगर्जीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावें लागतें. नोंदलेल्या सामानाची भरपाईहि वजनाच्या मानानें मर्यादित असते. जिन्नस मोलाचा असल्यास नोंदणीच्या वेळींच त्याची किंमत लिहून देऊन जादा आकार भरावा लागतो.

दुसरी हमी वेळेवर केलेल्या तक्रारीची. भारतानें २००९ सालीं स्वीकारलेल्या माँट्रियल करारान्वयें, परदेशच्या विमानप्रवासांत सोंपविलेल्या सामानाची हानि झाल्यास, तें हातीं आल्यापासून सात दिवसांच्या आंत लेखी तक्रार करावी लागते. लग्नघरचे पाहुणे पुष्कळदां आठ-दहा दिवसांनीं बॅग उपसतात. तोंवर हक्क निसटलेला असतो.

सारांश, दागिने, औषधें व मूळ प्रमाणपत्रें विमानाच्या पोटांत किंवा रेल्वेच्या लगेजमध्यें न देतां हातच्या पिशवींत न्यावीं. उरलेल्या वस्तूंची यादी व बॅगेचें छायाचित्र घरीं ठेवावें. मुक्कामीं उतरल्यावर फलाटावर वा विमानतळावरच बॅग उघडून पाहावी, आणि कांहीं उणें दिसल्यास तेथेंच तक्रार नोंदवून तिची प्रत मागून घ्यावी.