खेळाचा तास



मी सातवीपर्यंतच शिकले. चूकभूल पदरात घ्यावी.

धाकटी बारावीत गेली, इंजिनिअरिंगच्या सी.ई.टी.चा अभ्यास सुरू झाला, आणि मी तिचा खो-खो बंद केला. महिनाभरात पोर पुस्तक उघडून नुसती भिंतीकडे पाहत बसू लागली.

माझे माहेर साताऱ्याचे. तिथली अदिती स्वामी ऑगस्ट २०२३ मध्ये, सतराव्या वर्षी, बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती झाली. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाने क्रिकेटसाठी विज्ञानाऐवजी कॉमर्स घेतले. माझी मुलगी काही तेवढी मोठी खेळाडू नव्हे, आणि तिला इंजिनिअरच व्हायचे आहे. मग खेळ सोडावाच का?

एके रात्री मी तिच्या दिवसाचा हिशेब मांडला. खेळाला एक तास जाई. भांडी, भाकरी, पाणी भरणे यांत दोन! थोरल्या मुलाच्या परीक्षेच्या वेळी मी त्याला कपबशीसुद्धा विसळू दिली नव्हती. म्हणजे मुलीचा वेळ खेळाने नव्हे, मीच खाल्ला होता.

आता भांडी थोरला घासतो, संध्याकाळी ती मैदानावर जाते. त्या परीक्षेत तीन तासांत दीडशे प्रश्न सोडवायचे. त्याला अंगात दम हवाच ना?

निकाल अजून यायचा आहे. पण पोर पुन्हा हसते आहे. भगिनींनो, मुलीचा खेळ बंद करण्यापूर्वी हा हिशेब आपणही एकदा मांडून पाहावा, एवढीच विनंती.