ट्रॅक्टर तोच, साज वेगळा

१९३९ साली अमेरिकेतल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने फार्मॉल एम हा लाल ट्रॅक्टर बाजारात आणला. पण दोन शेतकऱ्यांकडचे दोन 'एम' सारखेच असतील, असं मुळीच नव्हतं. सेल्फ-स्टार्टर, दिवे, पट्ट्याची पुली, अवजार उचलणारी हायड्रॉलिक यंत्रणा हा सगळा साज जादा पैसे मोजून घ्यावा लागे. स्टार्टर नसला, की पुढून हँडल मारायचं!

चाकंही निवडता येत: लोखंडी किंवा रबरी टायरची. टायर असले तर पाचव्या गिअरमध्ये ताशी सुमारे २६ किलोमीटर वेग मिळे. लोखंडी चाकांवर मात्र हा गिअर बंदच ठेवत. त्या वेगातले हादरे ना यंत्राला सोसले असते, ना चालकाला. पुलीचं काम ट्रॅक्टर उभा असताना चाले. तिला लांब पट्टा जोडून मळणी यंत्र किंवा लाकूड कापायची करवत फिरवली जाई.

सगळ्यांत ऐटबाज होता मिनियापोलिस-मोलाइन कंपनीचा १९३८चा यूडीएलएक्स. बंद केबिन, हीटर, शिवाय रेडिओसुद्धा! किंमत दोन हजार डॉलरच्या वर गेली आणि असे ट्रॅक्टर जेमतेम १५०च्या आसपास बनले.

दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई झाली, तेव्हा अनेक नवे ट्रॅक्टर पुन्हा लोखंडी चाकांवर आले. युद्धानंतर टायर मिळू लागले, तशी कित्येकांनी ती चाकं बदलून घेतली.